भाजी कोणती होती

मंगळवार, संध्याकाळ. बुलढाणा.

आज वॉर्डात सर माझ्यावर खूश झाले, आणि मला मात्र तेव्हापासून कसंतरीच वाटतंय.

सोनाळ्याच्या एक आजी. साखर एवढी उतरली की अंगणातच चक्कर येऊन पडल्या. डायबेटिसची गोळी जुनीच, डोसही तोच. मग साखर उतरली कशी? सरांनी आम्हा विद्यार्थ्यांनाच शोधायला लावलं. बाकीचे थेट किडनी बिघडली असेल यावर गेले. मी विचारलं, "आजी, जेवन टाइमावर होते ना?"

"होते ना व माय."

ते ‘होते’ ओळखीचं वाटलं. जरा जास्तच पटकन आलं. म्हणून पुन्हा विचारलं, "काल भाजी कायची केली होती?"

आजी चादरीचा दोरा ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "एकलीसाठी कोन भाजी करते व? चहासंग टोस खाल्ला. गोळी मात्र चुकवत नाही मी."

उपाशीपोटी गोळी. एवढंच होतं! सर म्हणाले, "शाब्बास. भाजीचं कसं सुचलं?" असंच सुचलं, म्हटलं. खरं काय सांगणार होते?

मेसमध्ये एकटीनं बसवत नाही, म्हणून आजही बिस्किटंच. मघाशी जळगाव जामोदहून आईचा फोन आला.

"जेवली काय व?"

"हाव, जेवली." तसंच, पटकन.

मग मी थांबले. फोन कानाशी घट्ट धरून थांबले.

"बरं, अभ्यास कर," ती म्हणाली.

भाजी कोणती होती, ते तिनं विचारलं नाही.