खळीनं चिकटवलेली पानं

बाई, त्या कादंबरीवर तुमचा खरंच विश्वास होता, की ती नुसती वाचायला आवडायची? मला अजून ठरवता येत नाही.

मूल गावच्या मिशनच्या वसतिगृहात रविवारची प्रार्थना झाली की आम्ही मुली स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसायचो आणि तुम्ही पाटावर बसून दर वेळी थोडं थोडं वाचायचात. रोममधली एक दासी ख्रिस्ताला मानते. राजाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला तर सुटेल, पण ती टाकत नाही. ऐकताना खडे तांदळातच राहायचे. जेवताना दाताखाली आले की तुम्ही हसायचात, "आज रोमचे दगड खा, पोरींनो!" वचनं मला पाठ होती. पण विश्वास म्हणजे धूप न टाकता मिटलेली कुणा एका पोरीची मूठ, हे मला त्या कादंबरीनं दाखवलं.

माझ्याशेजारी बसायची ती एटापल्लीकडची. तिचं घर ख्रिस्ती नव्हतं, ती शिकायला आली होती. तिची आजी वारली तेव्हा तुम्ही माझ्यासमोर तिला म्हणालात, "जा, तुमच्या घरच्या रीतीनं सारं कर. देव काई रुसत नाई." ती परतली तोवर मिशनच्या कमिटीला बातमी लागली होती, की वसतिगृहातल्या मुलीनं तिकडच्या देवापुढे धूप घातला. कमिटीनं तिच्यादेखत विचारलं, "बाई, तुम्ही परवानगी दिली होती?" तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणालात, "मले नाई माईत." संध्याकाळच्या एस.टी.नं ती गेली. तिची शाळा तिथंच संपली.

पुढच्या रविवारी पुस्तक उघडलं तेव्हा मधली काही पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी विचारलं. "ओली झाली होती वं, जाऊ दे," म्हणालात, आणि त्याच गोड आवाजात पुढचं वाचू लागलात. तो आवाज मी तुम्हाला माफ केला नाही. तुमच्या मातीलाही आले नाही. तरी पुस्तक तुम्ही माझ्यासाठीच ठेवलं होतं, आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून.

इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, चहाच्या वाफेवर ती पानं सोडवली. पिठाची वाळलेली खळ पापुद्र्यासारखी निघाली. आत एक म्हातारा आहे, दासीला प्रार्थना शिकवणारा. तो भितो, धूप टाकतो, जगतो. पुढे एक दिवस ख्रिस्ती मंडळीच्या दाराशी येऊन सगळ्यांदेखत सांगतो, "मी टाकला." ते त्याला आत घेतात, भाकरी मोडून देतात. बाई, शूरांना हात जोडायला भिंतीवरची चित्रं पुरतात. जुन्या काळच्या गोष्टी वाचायच्या त्या अशासाठी, की आपल्यासारखा कुणी भित्रा त्यात सापडावा आणि त्याची परतायची वाट दिसावी. तुम्हाला तो सापडला होता. तुम्ही त्याला खळ लावलीत. आणि वाट माझीही बुजवलीत, कारण कमिटी बसली तेव्हा मी दारातच उभी होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. जिला सांगायचं होतं तिच्या गावी, एटापल्लीकडे, मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. ती अंगणात मोहफुलं वाळवत होती. ती पानं तिला वाचून दाखवली, मग माझं सांगितलं. ती फुलं पसरवतच म्हणाली, "आता काऊन सांगून राह्यली? मले तवाच माईत होतं. तू दारात होती ना."

तिनं पाणी दिलं. जेव म्हणाली नाही. पुस्तक मी तिच्या मुलीजवळ ठेवून आले, सगळी पानं सुटी करून.