महामायेची मान

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, आणि चढताना ती तुझीच चौकशी करते. वहिनीला सांग, स्वेटर मिळाला. विलगीकरणाच्या तबेल्यात पहाटे तोच घालते.

तुझी घोडी महामाया पोटभर खाते. कालच तिने चारा घालणाऱ्या मोतद्दाराच्या डोक्यावरची टोपी पळवली. तू लिहितोस, पहिला रिपोर्ट चांगला आला, मग आता घोडं कुठे पेंड खातंय?

सांगते. रक्त घ्यायचं तर आधी मानेवरचे केस भादरतात. गेल्या आठवड्यात खरारा करताना पाहिलं, तिचे हिवाळी केस जसेच्या तसे दाट. शेजारच्या गरीब घोडीची मान मात्र दोन्ही बाजूंनी भादरलेली. मोतद्दाराला विचारलं.

"ताई, ही चावते हो! दोघी एका रंगाच्या, एकाच विमानातून परत आलेल्या. एकीचं घेतलं काय नि दुसरीचं घेतलं काय!"

हे त्याच्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर ती शनिवारी तुझ्या दारात उभी असती. क्षणभर तसं मनात आलं, खोटं कशाला बोलू? मग मीच रक्त घेतलं. दंडावर तिचे दात अजून आहेत.

दादा, ज्याची तपासणी होती तो रक्ताचा आजार तिला आहे. दोन प्रयोगशाळांत तपासलं. ती ठणठणीत दिसते, पण हा आजार जन्मभर जात नाही आणि चावरी माशी तो एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेते. तुझा अख्खा तबेला धोक्यात आला असता. तू माझ्या साहेबांना फोन करणार म्हणतोस, खुशाल कर. रिपोर्टवर माझी सही आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

नियमाने तिला आता जगू देता येत नाही. रविवारी सकाळी इंजेक्शन मीच देणार. परक्या हातून नको.

तू ये. आत सोडता येणार नाही, पण कुंपणापाशी उभा राहा आणि तिला बोलावताना घालतोस ती शीळ घाल. शीळ ऐकली की महामाया शांत उभी राहते, असं तूच सांगायचास. माझ्यावर रागावलेला असलास तरी ये. मला शीळ घालता येत नाही. तू कधी शिकवलीच नाहीस.

रविवारी फाटकाकडे बघत राहणारी,
तुझी धाकटी