बाबांनी हाक मारली होती

सम्यक,

मी बाबांचे कपडे आणि मऊ भात घेऊन हॉस्पिटलला जातेय. कुकरमध्ये वरण-भात आहे, जेवून ये. एक्स-रेची फाईल कपाटावर राहिलीय, ती आण.

काल तुझ्यासमोर मी गप्प राहिले. बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा माझं पीएचडीचं ऑनलाइन प्रेझेंटेशन चालू होतं. विषय तुला माहितीये, घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा. बाबांनी दोनदा हाक मारली, "मृणाल, अगं जरा ये." मला नीट ऐकू आलं. गाईड मॅडमना आवाज जाऊ नये म्हणून मी उठून खोलीचं दार लावलं. पाच मिनिटांत जाऊ म्हटलं, वीस झाली. गेले तर ते ओल्या लादीवर तसेच पडलेले.

वॉर्डात तू त्यांच्यावर ओरडलास, "हाक मारायला काय झालं होतं तुम्हाला?" ते म्हणाले, "सुचलंच नाही रे." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आज त्यांना काही बोलू नकोस. जे बोलायचंय ते मला बोल, मी तिथेच आहे.

मृणाल