वन्सं, मी डॉक्टरांना सांगून टाकलं

प्रिय वन्सं,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितेय, कारण तुम्ही घातलेली शपथ मी पंधरा दिवसांपूर्वी मोडली. ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं.

आपल्या मधुराला एंडोमेट्रिओसिस निघालंय. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच बाहेर पोटात वाढतं. म्हणजे तुमचंच दुखणं. पाळीत ती पोट धरून फरशीवर आडवी झाली की मला डोंबिवलीच्या घरातल्या तुम्ही दिसायचात. तेव्हा मी काय म्हणायचे, आठवतं? पापड लाटायचे असले की बरं वन्संचं पोट दुखतं! तुम्ही ऐकलं होतंत. का नाही मला झापलंत?

तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा कुठे त्या दुखण्याला नाव मिळालं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटेपर्यंत तुमच्या छातीत गाठ आली होती.

मधुरा तेव्हा चौथीत. तिला चिपळूणला माझ्या माहेरी ठेवायला तुम्हीच सांगितलंत, आणि तिचीच शपथ घातलीत. कॅन्सर म्हणून कोणाला कळता कामा नये, उद्या पोरीचं लग्न ठरवताना लोक घराणं बघतील. आम्ही सगळ्यांना कावीळ सांगितली. मधुरालासुद्धा.

ठाण्याला बाळकुमच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही तिघं गेलेलो. हार्मोनच्या गोळ्या लिहिण्याआधी त्यांनी विचारलं, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का? यांनी लगेच सांगितलं, नाही. बाई तसं लिहायला लागल्या. यांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

"हिच्या आत्याला होता," मी म्हटलं. "चव्वेचाळिसाव्या वर्षी."

मधुराने माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं.

बाई शांतपणे बोलल्या. या दोन आजारांचा संबंध असावा असं काही अभ्यास सांगतात, काहींना तो सापडत नाही. ठाम काही नाही, आणि असलाच तर धोका थोडासाच वाढतो, तेव्हा घाबरू नका. पण सख्ख्या आत्याला कमी वयात झालेला, हे मला कळायलाच हवं होतं. वडिलांकडची माणसंही यात धरायची असतात.

तेवढ्यात मधुरा म्हणाली, "मला पण एक गाठ लागते. डावीकडे. दिवाळीपासून."

दिवाळीपासून, वन्सं! लाज वाटली म्हणून बोलली नाही. हे गप्प राहणं तिला कोणी शिकवलं? आपणच ना?

सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तुकडा काढला, मग रिपोर्टची वाट. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. एकदा जेवताना हे म्हणाले, ताईला दिलेला शब्द तू मोडलास. मी म्हटलं, ताई गेल्या हो, पोरगी आहे. हे ताटावरून उठले.

मधुराने एकच विचारलं, "आत्याला शेवटचं मला का नाही भेटू दिलंत?"

तुम्ही तिची वाट बघत होतात, दार वाजलं की मान वळवायचात. मला दिसत होतं. तरी मी तिला आणलं नाही. याची माफी तुमच्याकडे मागू की तिच्याकडे?

परवा रिपोर्ट आला. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची. हे दवाखान्याच्या पायरीवरच बसले आणि रडले. तुम्ही गेलात तेव्हाही रडले नव्हते.

मी तुमच्यावर रागावलेय, वन्सं. तुम्ही पोरीच्या लग्नाची काळजी केलीत, आणि त्यापायी तिच्या जिवावर बेतलं असतं. पण तुमचं ऐकणारी मीच होते.

टिटवाळ्याला तुमच्या धाकट्या बहिणीच्या दोन मुली आहेत. त्यांना अजून काहीच माहीत नाही. येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. मधुरा बरोबर येतेय. आणि आज सकाळी हेही विचारत होते, किती वाजता निघायचं. दोघींना समोर बसवून मी सगळं सांगेन, तुम्हाला काय झालेलं ते आणि मी काय केलं तेही. काही वगळणार नाही. हे माझं वचन.

तुमची भावजय,
शैला