माथूरसाहेबांचं शेवटचं प्यादं

६ नोव्हें. ९४, रवि. नोएडा
सोसायटीची मीटिंग. वार्षिक स्पर्धांची नोटीस: बुद्धिबळ पुरुषांसाठी, कॅरम महिलांसाठी. उठून बोलले. सेक्रेटरी सेठी म्हणाले, "मॅडम, ये आपका कॉलेज नहीं है." म्हटलं, कॉलेजात निदान प्रश्नाला उत्तर मिळतं. हशा. मग त्यांनीच फासा टाकला: आमच्या चॅम्पियनला, माथूरसाहेबांना, हरवा, यंदापासून बायकांना एंट्री.
कबूल केलं. माघार नाही.

८ नोव्हें., मंगळ
बाबांसोबत सराव. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर नोकरीला होते तेव्हा डब्याच्या सुट्टीत कँटीनमागे पट मांडायचे. शाळा नसली की मी शेजारी. सगळं शिकले तिथंच, देशी पद्धतीनं. माथूर आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात. बाबा म्हणाले, "अगं, प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं, एवढं ध्यानात ठेव. बाकी डोकं तेच."
बाकी तेच असेल? कळेल रविवारी.

१३ नोव्हें., रवि.
पहिला डाव. पार्किंगमध्ये दोन टेबलं जोडली, भोवती अर्धा ब्लॉक.
शेवटी माझा राजा नि हत्ती. त्यांचा राजा नि एक प्यादं, कडेला. हत्तीनं सहज मिळत होतं. हात गेला नाही. राजाच्या मागे लागले. माथूरच म्हणाले, "खा क्यों नहीं रहीं आप?" तोवर प्यादं धावलं, वजीर झालं. हत्ती देऊन तो मारला. पटावर दोन राजे. बरोबरी.
सेठी: "ड्रॉ मतलब हराया नहीं." मग हसून, "लेडीज़ का दिल है, दया आ गई."
दया!
कँटीनमागे नियम होता: समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी, जीत अर्धीच. म्हणून त्याला एक प्यादं ठेवायचं नि मात करायची. हे सेठींना सांगू लागले तर ते चहा सांगायला उठले. घरी बाबा म्हणाले, "दया कसली, हाव होती. पूर्ण डाव हवा होता तुला." हो. होताच. त्याची लाज नाही.
माथूर सभ्य माणूस. पुढच्या रविवारी पुन्हा बसायला तयार.

१६ नोव्हें., बुध
आज ठरवून बाबांचं दिसेल ते खाल्लं. शेवटचं प्यादंही. पाहते तर राजाला शह नाही नि हलायला घरही नाही. नव्या नियमानं बरोबरी. बाबा खोखो हसले. "झालं समाधान?"
सवयीनं सोडायचं नाही, रागानं खायचं नाही. प्रत्येक वेळी मोजायचं. भाषणात हे मला कधी जमलेलं नाही.
पुन्हा मांडला. तीन डाव. चौथ्याला बाबांनी उठायला लावलं, भात करपत होता.

१९ नोव्हें., शनि
सेठी स्वतः घरी आले, बर्फी घेऊन. तडजोड: उद्याचा डाव सोडा, लेडीज़ का अलग चेस रख देते हैं, ट्रॉफीसकट. ह्यांचं मत, "घेऊन टाक ना यार. काहीच नव्हतं, आता काहीतरी आहे."
मोह झाला. खोटं का लिहू. उद्या हरले तर तेही जाणार, आणि एकटीचं नाही जाणार.
म्हणून वरच्या मजल्यावर मिसेस नायरकडे गेले. स्पर्धेत नाव द्यायचं म्हणून पहिल्यांदा त्याच माझ्याकडे आल्या होत्या. तडजोड सांगितली. त्यांनी कुकर बंद केला. मग म्हणाल्या, "मुझे तो माथुर साहब से ही खेलना है. औरतों को तो मैं किचन में भी हरा लेती हूँ."
परत येऊन सेठींना फोन. नाही म्हटलं. ते म्हणाले, "सोच लीजिए, फिर मत कहिएगा." म्हटलं, कहूँगी. जोर से.

२० नोव्हें., रवि. सकाळ
झोप बरी लागली. बाबा म्हणतात, सुरुवातीला उंट अडकवू नकोस. ह्यांनी खुर्च्या खाली नेल्या. बर्फी तशीच, कुणी हात लावलेला नाही.
नाणेफेक आधीच झाली. पांढरी माथूरांची. पहिली चाल ते करणार, मग मी.