कडुनिंबाकडे वळलेला कॅमेरा

२ एप्रिल, गुरुवार
६.३५. गोकुळ आला. हातात चहाची किटली, डोक्याला पांढरा रुमाल. बाजेवर बसला, डावा गुडघा चोळला. आज नववा दिवस. धाकटा भाऊ लंगडतो आहे आणि विचारायची सोय नाही. तीन वर्षं बोलणं बंद. तो खकनारला मळ्यात, मी बुऱ्हाणपुरात कॉम्प्युटरपुढे. मळ्यातला कॅमेरा मुका आहे, हेच बरं.
चित्रावर आज पिवळी पट्टी आली. सोळा तारखेपासून कॅमेऱ्याचा हा प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर चालणार नाही, आधी कॉम्प्युटर अपडेट करा. एकोणीसला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सगळ्या लेकी माहेरी जातात, झोका खेळतात. मी सकाळी उठून कॉम्प्युटर लावते. आता तेही जाणार.

३ एप्रिल
अपडेट दाबलं. दोन तास फिरलं. एकसष्ट टक्क्यांवर थांबलं. मग, 'अपडेट पूर्ण झाले नाही. बदल मागे घेत आहोत.' मागे यायला पुढे जाण्यापेक्षा जास्त वेळ.
हे म्हणाले, "सरळ फोन कर ना गोकुळला. गुडघा कसा आहे रे, एवढंच विचार." म्हटलं, तुमचा चहा निवतोय.
मोबाईलवर पाहता येतं, माहीत आहे. पण तिथे नव्यानं लॉगिन करावं लागतं, आणि नव्या लॉगिनचा ओटीपी जातो गोकुळच्या फोनवर. म्हणजे झालंच. तीन वर्षं बहीण चोरून बघते आहे, हे त्याला कळायचं.

५ एप्रिल, रविवार
६.४०. गो. आला, बसला, उठताना बाजेचा आधार घेतला.
जागा कमी पडते म्हणून अडतंय, असं वाटलं. फोटो पुसायला बसले. नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या यांच्या निरोप समारंभाचे एकशे चाळीस फोटो, त्यातल्या नव्वदांत हे हार सांभाळत उभे. "एक पण पुसू नको," म्हणाले. पंचवीस ठेवले. हे फुगून बसले. अपडेट लावलं. एकसष्ट. मागे.

७ एप्रिल
गो. आज आलाच नाही. रिकामी बाज, एक कुत्रं, वरून पडणारी पानं. साडेसातपर्यंत बसले. भाजी करपली.
दुपारी पुन्हा अपडेट. या वेळी एकसष्टच्या पुढे गेलं! अडुसष्ट. मी दळण आणायला गेले. परत येते तर पडदा काळा. हे आडवे होण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करून आले होते. "नुसतं फिरत होतं, काम तर काही करत नव्हतं." चाळीस वर्षं कारखान्यात काढली, अजून रिकामं यंत्र दिसलं की हात बटणाकडे जातो. मी यांना खूप बोलले. नंतर वाईट वाटलं.

८ एप्रिल
आला. काठी घेऊन. काठी!
कोणाची, ओळखली. मायची. काठीच्या मुठीला लाल दोरा आहे, कॅमेऱ्यात नुसता ठिपका दिसतो.
हे सगळं मायमुळेच. ती आजारपणात माझ्याकडे होती. मळा दिसत नाही म्हणून जेवेना. तेव्हा मोटारीची केबल चोरीला गेली, गोकुळनं मोटारघरावर कॅमेरा बसवला आणि स्वतः येऊन माझ्या या कॉम्प्युटरवर लावून दिला. माय दिवसभर पुढ्यात बसायची. "गोकुळनं आज स्वेटर नाही घातलं." "त्या वाफ्याले पानी नाही पोचलं, सांग त्याले." रोज संध्याकाळी एकच, "मले मळ्यात ने." डॉक्टर नको म्हणत होते. मी म्हणायची, आखाजीला नेते. आखाजीच्या आठ दिवस आधी गेली.
तेराव्याला गो. सगळ्यांसमोर बोलला, "जिजी, तू मायले मळा दाखवला, पन डब्ब्यात दाखवला." मी ताटावरून उठले. या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाले. सगळ्यांत वाईट हे की तो बरोबर होता. न्यायला हवं होतं. अर्ध्या वाटेत काही झालं असतं तरी न्यायला हवं होतं.

११ एप्रिल, शनिवार
इक्बालभाई आले. पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. आधी पेटी उघडून आतली धूळ फुंकली, मग मला विचारलं, "भाभी, तारीख कौन डालता है इसमें?"
म्हटलं, मीच. रात्री बटण बंद केलं की सकाळी तारीख सोळा वर्षं मागची येते. मी रोज हातानं घालते. दीड-दोन वर्षं झाली असतील.
कपाळाला हात लावला त्यांनी. "तो बताया क्यों नहीं? अंदर का सेल मर गया है. अपडेट बीच में मशीन को बंद-चालू करता है, तब तारीख फिर पीछे. कभी इकसठ पे, कभी आगे. अपडेट बेचारा सोचता है, मैं गलत साल में आ गया, और वापस लौट जाता है."
रुपयाएवढा सेल. त्यासाठी मी यांचे एकशे पंधरा फोटो पुसले. यांना अजून सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल
नवा सेल बसला. इक्बालभाई म्हणाले, घाई नको, उद्या सकाळी लावा, दिवसभर हात लावू नका. मी विचारलं, कॅमेरा तसाच राहील ना? "रहना तो चाहिए."
हे 'चाहिए' मला आवडलं नाही.
आज गो.कडे जास्त वेळ बघितलं. रुमाल नवा. दाढी वाढली. गेल्या आखाजीपासून त्यानं कॅमेरा फिरवला आहे. पूर्वी मोटार दिसायची, आता कडुनिंब आणि बाज. हे तेव्हाच हसले होते, "मोटार सोडून झाडाची राखण करतो का हा?" याच कडुनिंबाला आमचा झोका असायचा. मी उभी, तो लहान, माझ्या पायांशी बसून, दोर घट्ट धरून. ओरडायचा, "जिजी, अजून जोरात!" आणि जोरात घेतला की रडायचा.

१३ एप्रिल, सोमवार
सकाळी त्याला पाहून घेतलं आणि लावलं. बटणावर चिकटपट्टी मारली, वर लिहिलं, 'हात लावू नये.' यांनी वाचलं आणि दुपारी खुर्ची टाकून समोर राखणीला बसले.
६१ गेलं. ६८ गेलं. ९० ला लाईट लुकलुकली, माझा जीव गेला आणि आला. सव्वापाचला शंभर.
आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, बावळटासारख्या.
कॅमेऱ्याचा प्रोग्राम उघडला. 'नवीन आवृत्तीत स्वागत. कृपया पुन्हा लॉगिन करा.'

१४ एप्रिल
६.३५ ला सवयीनं खुर्चीत. समोर कोरी चौकट.

१५ एप्रिल
इक्बालभाईंना फोन केला, ओटीपीशिवाय काही वाट? नाही म्हणाले. "जिसका कैमरा, उसी के मोबाइल पे आएगा." मग सहज म्हणाले, "वैसे उनको तो पता ही होगा. मालिक के मोबाइल में पूरी लिस्ट दिखती है, कौन सी मशीन किस टाइम देख रही है. नाम के साथ. न चाहे तो एक बटन में हटा दे."
फोन ठेवला.
म्हणजे तीन वर्षं त्याला रोज सकाळी दिसत होतं. एक बटण होतं. दाबलं नाही.
आणि मग आठवलं. कॉम्प्युटरला नाव द्या, असं तेव्हा आलं होतं, आणि गोकुळनं माझ्या खुर्चीत बसून, एका बोटानं, 'माय' लिहिलं होतं. म्हणजे त्याच्या यादीत मी नव्हतेच. रोज सकाळी ६.३५ ला त्याच्या फोनवर यायचं, माय बघते आहे.
तो कोणासाठी बसत होता बाजेवर?

१६ एप्रिल
काल यांना सगळं सांगितलं. फोटोंचंही. म्हणाले, "हार बरा नव्हताच." थोड्या वेळानं, "झाडाकडे कॅमेरा मायसाठी नाही वळवला त्यानं. माय झोका खेळत होती का?"
रात्रभर तेच डोक्यात.
तिसरी सकाळ. भाऊ उठला का, काठी सुटली का, काही कळत नाही. आधी दिसत तरी होता. इतकी आठवण मला मायचीही येत नाही, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

१८ एप्रिल, शनिवार
उद्या आखाजी. गेलेल्या मायच्या नावाची घागर तो भरेल.
६.३० ला कॉम्प्युटर लावला. तारीख बरोबर होती, हात लावावा लागला नाही. लॉगिन. 'या उपकरणाला नाव द्या.' इक्बालभाईंनी सांगितलं होतं, हे नाव मेसेजमध्ये जाईल. आपोआप 'माय' आलं होतं. ते पुसलं. एक एक अक्षर. पुसताना रडू आलं, यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.
'जिजी' लिहिलं. ओटीपी पाठवा, दाबलं.
सहा रिकामे चौकोन. दहा मिनिटांची मुदत. फोन मांडीवर, आवाज पूर्ण मोठा. आकडे सांगायला त्यालाच फोन करावा लागेल. तो आता बाजेवर असेल. वाचायला चष्मा लागतो त्याला, किंवा आता लागत असेल, मला काय माहीत.
सात मिनिटं उरली. दोन मिनिटं. फोन एकदा वाजला, गॅसवाल्याचा.
'मुदत संपली. पुन्हा पाठवायचा?'
हे म्हणाले, "राहू दे आता."
पुन्हा पाठवला. पहिला चुकून दाबला गेला, असं वाटायला नको त्याला.