‘बरी झाले’ असं लिहिलं, त्याचा खुलासा

मु. कोसमटोला, जि. चांदा
२१ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप भैयाजींना इंदूचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वहिनींची जवसाची चटणीही पोचली. आणणाऱ्या लालसूनं वाटेत निम्मी संपवली, तरी पोचली म्हणायची. शाळेत आता एकोणीस मुलं आहेत. मोहाची फुलं पडायला लागली की वेचायला निम्मी पळतील. ती मला गोंडी शिकवतात आणि मी बोलले की पोट धरून हसतात. मास्तरीण मी की ती, कळत नाही.

तुम्ही लिहिता, शिवरात्रीला गाडी घेऊन येतो, आपलं अर्धं सावली गाव मार्कंड्याला जमणार, इंदूनं देवळाभोवती लोटांगण घातलं की नवस फिटला. भागीरथामावशी ओटी भरणार. वाचून मला घाम फुटला. परवा मुलं घरी गेल्यावर शाळेच्या जमिनीवर लोटांगण घालून पाहिलं. एक पलटी झाली. दुसरीला कंबरेत अशी कळ उठली की पालथीच पडून राहिले. शेजारची सुकरी पाणी भरायला निघाली होती, तिनं उचललं. “काऊन लोळून राह्यली वं बाई?” म्हणाली. तिला काय सांगणार!

लालसू उद्या चामोर्शीच्या बाजाराला निघतो, त्याच्या हाती हे पत्र द्यायचं आहे. तेव्हा आजच लिहिते. भैयाजी, माझी पाठ बरी झालेली नाही. एक दिवसही नाही.

दिवाळीच्या पत्रात ‘मी आता बरी झाले’ असं मीच लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण तुम्ही ते पाठीबद्दल वाचलंत, देव पावला म्हणून गावभर पेढे वाटलेत, आणि मी गप्प बसले. खरं कळलं तर तुम्ही मला इथून उचलून न्याल, ही भीती. तीन महिने तुम्हाला फसू दिलं, हे माझं चुकलं.

भादव्यात काय झालं ते सांगते. इथे नवा तांदूळ आधी देवाला दाखवतात, त्या सणाला पंडुम म्हणतात. तोवर नव्याचा एक दाणा कोणी तोंडात घालत नाही. नेमकं त्या दिवशी मला बाजेवरून उठवेना. सुकरीला म्हटलं, तुम्ही खा, माझ्यापायी कशाला खोळंबता? ती म्हणाली, “तू याच गावात राह्यतेस ना? मंग तुह्याबिगर कसं खावाचं?” गेली आणि चार गडी घेऊन आली. बाजेसकट उचललं मला. जिवंतपणीच चौघांच्या खांद्यावरून निघाले मी! हसू आवरेना आणि कळही सोसवेना.

ऐनाच्या झाडाखाली बाज टेकवली. झिंगू म्हणून म्हातारा पुजारी आहे, तो देवाशी गोंडीत बोलायला लागला. मधेच माझं नाव ऐकू आलं. सुकरीला विचारलं, मला बरं कर म्हणाला का गं?

“नाई. सांगतलं का हे इंदूबाई, आमच्या गावची, इची कंबर दुखते. वळख करून देल्ली.”

“मग मागितलं का नाही?”

“मांगाचं मंग. पहिले वळख त पायजे!”

मला रडू कोसळलं. अकरा वर्षं आपण किती देवांपुढे गेलो. प्रत्येकाला ‘हिला नीट कर’ एवढंच सांगितलं. तोवर मी जणू अर्धीच, तुम्हा सगळ्यांना आणि मलाही. रागानं मी देवाशी बोलणंच टाकलं होतं, हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही. त्या दिवशी पळसाच्या पानावरचा तो तांदूळ खाल्ला आणि पडल्यापडल्या मार्कंड्याच्या दिशेला हात जोडले. काही मागितलं नाही. दुखत होतंच. तरी मला वाटलं की मी बरी झाले, म्हणून तसं लिहिलं.

अजून एक आहे. आपल्या घरात हे कोणी बोलत नाही, म्हणून माझाही हात अडतो आहे. शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती पाहून येताना आपले बैल तुम्ही पळवलेत, गाडी उलटली, मी चाकाखाली आले. तुम्ही सोळा वर्षांचे होतात. मागे बसून “अजून जोरात” म्हणून मीच ओरडत होते, हे तुम्ही विसरलात. मी तुम्हाला दोष दिला नाही असं म्हणणार नाही. दोन-तीन वर्षं मनातल्या मनात भरपूर दिला. आता नाही. नवस तुम्ही माझ्या पाठीसाठी बोललात, पण सुटका तुम्हाला हवी होती. भैयाजी, माझी पाठ बरी व्हायची वाट पाहू नका. ती होणार नाही. तुम्ही आजच सुटलात असं समजा.

लोकांपुढे तुमची मान खाली जाईल, ते मला कळतं. मार्कंड्याला मी येईन, पण लोटांगण घालणार नाही. देवाला आणि मावशीला तुम्हीच खरं सांगा. तुम्हाला जड गेलं तर मी सांगेन, तुमच्या शेजारी उभी राहून. माझं बिऱ्हाड मात्र गाडीत भरू देणार नाही.

यायचं तर अवश्य या. न्यायला नको, भेटायला या.

तुमची, दुखऱ्या पाठीची धाकटी बहीण,
इंदू